कॅटलान भाषेचा भूमिगत काळ

१९३९ च्या जानेवारीचा शेवटचा आठवडा. स्पेनच्या ईशान्य टोकाला, फ्रान्सच्या हद्दीजवळ आगुयाना नावाचं गाव आहे. तिथल्या एका मोठ्या शेतवाड्यात कवी, प्राध्यापक, पत्रकार बायकामुलांसह दाटीवाटीनं उतरले होते. २६ तारखेला जनरल फ्रँकोच्या फौजा बार्सिलोनात शिरल्या होत्या, आणि मागे राहणं म्हणजे तुरुंग किंवा त्याहून वाईट काही, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. या मंडळींत सत्तर वर्षांचे पोम्पेउ फाब्रा होते. शिक्षणानं इंजिनिअर, नोकरी रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाची केलेली. पण कॅटालोनियात त्यांचं नाव घराघरात माहीत होतं, कारण मुलांच्या हातातलं व्याकरण आणि शब्दकोश त्यांनी रचलेले होते. महिना संपता संपता फाब्रा फ्रान्समध्ये गेले. मागे बादालोना गावातल्या त्यांच्या घरातली पुस्तकं रस्त्यावर आणून जाळण्यात आली.

जिंकलेल्या शहरात सैन्य दारूगोळ्याची कोठारं ताब्यात घेतं, हे समजू शकतं. एका म्हाताऱ्या वैयाकरणाच्या पुस्तकांची भीती का वाटावी, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

कॅटलान ही लॅटिनच्या वंशातली स्वतंत्र भाषा आहे. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश यांची ती बहीण. स्पॅनिशची बोली नव्हे. पिरेनीज पर्वताच्या दोन्ही अंगांना ती घडली आणि बार्सिलोनाच्या दर्यावर्दी राजांबरोबर भूमध्य समुद्रात पसरली. पहिल्या जाउमे राजानं १२२९ मध्ये मायोर्का बेटावर स्वारी केली, १२३८ मध्ये वालेन्सिया घेतलं. त्याच्या माणसांबरोबर भाषाही तिथे रुजली. सार्डिनिया बेटावरच्या आल्गेरो शहरात चौदाव्या शतकात वसवलेल्या कॅटलान कुटुंबांची भाषा काही जुन्या घरांत आजही ऐकू येते. रामोन युल यानं तेराव्या शतकात या भाषेत तत्त्वज्ञान लिहिलं. १४९० मध्ये वालेन्सियात छापलेल्या ‘तिरान्त लो ब्लांक’ या वीरकथेची तारीफ खुद्द सेर्वान्तेसनं ‘दोन किहोते’मध्ये केली आहे. समुद्री व्यापाराचे कायदे या भाषेत लिहिले गेले, आणि कर कसा गोळा करायचा हे पाहणारी ‘जनरालितात’ ही संस्था १३५९ पासून राजालाही जुमानायला लावत होती.

११ सप्टेंबर १७१४ ला हे सगळं मोडलं. स्पेनच्या गादीसाठी चाललेल्या युद्धात कॅटालोनियानं हॅब्सबर्ग वारसाची बाजू धरली होती. बूर्बाँ घराण्यातल्या पाचव्या फेलिपेच्या सैन्यानं वर्षभराहून अधिक काळ वेढा देऊन बार्सिलोना पाडलं. जनरालितात बरखास्त झाली, १७१६ च्या फर्मानानं वरिष्ठ न्यायालयाचं कामकाज कॅस्टिलियनमध्ये, म्हणजे आपण जिला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेत गेलं. शहरातल्या रिबेरा वस्तीतली घरं पाडून तिथे किल्ला उभा राहिला, आणि त्याच्या तोफा शहरावरच रोखलेल्या होत्या. पराभवाचा तो दिवस हाच आज कॅटालोनियाचा राष्ट्रीय दिवस आहे.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षं कॅटलान शेतात, बाजारात आणि चुलीपाशी राहिली. कागदावर ती विरळ झाली. एकोणिसाव्या शतकात कापडगिरण्यांनी बार्सिलोना श्रीमंत झालं आणि त्या सुबत्तेबरोबर भाषेचा अभिमानही परत आला. जुन्या काव्यस्पर्धा १८५९ पासून पुन्हा भरू लागल्या. जासिन्त वेर्दागेर नावाच्या पाद्र्यानं १८७७ मध्ये ‘लात्लान्तिदा’ हे महाकाव्य प्रसिद्ध केलं. १८९१ मध्ये ‘ओर्फेओ कातालान’ हा गायकवृंद स्थापन झाला आणि त्याच्यासाठी १९०८ मध्ये लुईस दोमेनेक इ मोन्तानेर या वास्तुकारानं ‘पालाउ दे ला म्युझिका’ हे रंगीत काचांचं सभागृह बांधलं. हे सभागृह पुढे पुन्हा येणार आहे.

मात्र कविता लिहिणाऱ्या या पिढीला एक मोठी अडचण होती. दोन लेखकांचं शुद्धलेखन एकमेकांशी जुळत नसे. कुणी मध्ययुगातले जुने रूप उचलून आणी, कुणी बार्सिलोनाच्या रस्त्यावरचा उच्चार जसाच्या तसा लिही, आणि अर्ध्या शब्दांवर कॅस्टिलियनचा रंग चढलेला असे. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्तितुत दास्तुदिस कातालान्स’ या विद्वत्संस्थेनं हे काम हाती घेतलं. उत्तरेकडच्या बिल्बाओ शहरात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या फाब्रांना १९१२ मध्ये बार्सिलोनात बोलावून घेण्यात आलं. १९१३ मध्ये शुद्धलेखनाचे नियम, १९१८ मध्ये व्याकरण आणि १९३२ मध्ये एकभाषी शब्दकोश अशी वीस वर्षांची वाटचाल झाली. विरोध पुष्कळ झाला. भाषा ही प्रयोगशाळेत बनवायची वस्तू नव्हे, असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते. फाब्रांनी बोलीभाषांचं वैविध्य मान्य करून, वालेन्सिया आणि बेटांवरच्या लोकांनाही परकं वाटणार नाही असं लेखन ठरवलं. कॅटलानच्या साऱ्या इतिहासात मला हे काम सर्वांत निर्णायक वाटतं. पुढे जे संकट आलं ते अशा वेळी आलं, की भाषेकडे नुकतंच लिहिण्याचं एक पक्कं वळण तयार झालं होतं. पंचवीस वर्षं आधी आलं असतं तर चित्र वेगळं असतं.

संकटाची चुणूक आधीच मिळाली होती. प्रिमो दे रिबेराच्या हुकूमशाहीत, ११ सप्टेंबर १९२४ ला, १७१४ च्या हुतात्म्यांसाठी होणाऱ्या प्रार्थनेला निघालेल्या बहात्तर वर्षांच्या अंतोनी गाउदींना पोलिसांनी अडवलं. सग्रादा फामिलियाचा हा वास्तुकार पोलिसांशी कॅटलानमध्येच बोलत राहिला. कॅस्टिलियन बोलायला नकार दिल्याबद्दल त्यांना काही तास कोठडीत काढावे लागले. १९३१ मध्ये प्रजासत्ताक आलं, १९३२ मध्ये स्वायत्ततेचा कायदा झाला, कॅटलान शाळांत आणि नभोवाणीवर आली. हे सुख जेमतेम सात वर्षं टिकलं.

१९३६ ते १९३९ चं यादवी युद्ध ही सरळ ‘स्पेन विरुद्ध कॅटालोनिया’ अशी लढाई नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. कॅटालोनियातच अराजकवाद्यांनी शेकडो पाद्री मारले. मोन्सेरातच्या मठातल्या वीसहून अधिक साधूंचा त्यांत जीव गेला. घाबरलेल्या गिरणीमालकांपैकी अनेकांनी फ्रँकोची वाट धरली. कॅटलान अभिमानाचं राजकारण केलेले फ्रान्सेस्क कांबोही त्यांत होते. फ्रँको जिंकल्यावर कॅटलान बोलणारे विजेतेही होतेच. पण भाषेपुरतं पाहिलं तर हरलेल्यांत त्या साऱ्यांचीच गणना झाली.

फाब्रांच्या आगेमागे जवळजवळ पाच लाख माणसं त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या हद्दीत गेली. आर्जेलेसच्या समुद्रकिनाऱ्यावर, उघड्या वाळूत, काटेरी तारांच्या आत त्यांना ठेवण्यात आलं. त्या छावणीत बार्सिलोनात जन्मलेला अठरा वर्षांचा एक सैनिक होता. एब्रो नदीवरच्या लढाईसाठी सरकारनं १९२० साली जन्मलेल्या मुलांनाही बोलावून घेतलं होतं. लोक त्यांना ‘दूधबाटलीची तुकडी’ म्हणत. हा मुलगा पुढे जेझुइट झाला, १९५२ मध्ये भारतात आला आणि मनमाडच्या परिसरात विहिरी खोदून दुष्काळाशी झुंजला. मनमाडकर त्याला फादर फेरर म्हणून ओळखतात. १९६८ मध्ये त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांच्यासाठी मोर्चे काढले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात इतिहास संशोधनाची संस्था उभारणारे फादर हेरासही बार्सिलोनाचेच. या दोन माणसांमुळे आपल्याकडच्या वाचकाला हे शहर वाटतं तितकं दूरचं नाही.

प्रजासत्ताकात पुन्हा उभ्या राहिलेल्या जनरालितातचे लोकनियुक्त अध्यक्ष युईस कोम्पानिस फ्रान्समध्ये आश्रयाला होते. १९४० च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी त्यांना पकडून स्पेनच्या हवाली केलं. १५ ऑक्टोबरला बार्सिलोनाच्या मोन्जुइक किल्ल्यात त्यांना गोळ्या घातल्या.

आता शहराचा चेहरा बदलू लागला. भिंतींवर फलक लागले : स्पॅनिश असाल तर साम्राज्याची भाषा बोला. रस्त्यांची नावं बदलली; दियागोनाल हा मुख्य रस्ता ‘जनरलिसिमो फ्रँको’ झाला. दुकानांच्या पाट्या, थडग्यावरचे लेख, लग्नाच्या पत्रिका कॅस्टिलियनमध्ये आल्या. नवजात मुलाचं नाव जोर्दी ठेवता येत नसे. नोंदवहीत तो होर्हे होई. फुटबॉल क्लबाचं नाव कॅस्टिलियन वळणाचं झालं आणि त्याच्या चिन्हातल्या कॅटलान ध्वजाच्या चार पट्ट्यांच्या दोन झाल्या. १९४० च्या जुलैमध्ये बार्सिलोनाच्या गव्हर्नरनं हुकूम काढला, की कचेरीत कॅस्टिलियनखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढलं जाईल. शाळांतून कॅटलान पूर्ण गेली.

यातला शेवटचा घाव सर्वांत खोल होता. घरात आईशी, आजीशी मुलं कॅटलानच बोलत. तिथे पोलीस पोचू शकत नव्हते. पण युद्धानंतर शाळेत गेलेली मुलं आपल्याच भाषेत पत्र लिहायला शिकली नाहीत. बोलता येतं, वाचायला अडखळायला होतं, लिहिता येत नाही, अशी पिढीच्या पिढी तयार झाली. या माणसांच्या आठवणी वाचताना शाळेतल्या छड्यांपेक्षा हेच दुःख मला अधिक बोचतं : प्रियकराला किंवा सैन्यात गेलेल्या मुलाला लिहायचं तर परक्या भाषेत.

फाब्रा फ्रान्समधल्या प्रादा या गावी राहिले. चेलोवादक पाउ कझाल्सही त्याच गावी हद्दपारीत राहत होते. फ्रँको सत्तेवर असेपर्यंत स्पेनमध्ये पाऊल ठेवायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं. १९७३ मध्ये ते हद्दपारीतच वारले. फाब्रांनी आपलं मृत्युपत्र करण्यासाठी अंडोरा या डोंगरातल्या चिमुकल्या देशापर्यंत प्रवास केला, कारण कॅटलान ही राजभाषा असलेला तो जगातला एकमेव देश होता आणि आजही आहे. १९४८ च्या नाताळच्या दिवशी प्रादामध्येच त्यांचा अंत झाला.

इकडे बार्सिलोनात ‘इन्स्तितुत’ची १९४२ मध्ये गुपचूप पुन्हा जुळवाजुळव झाली. खाजगी घरांच्या दिवाणखान्यांत बैठका होत, व्याकरणाचे वर्ग चालत, कवितावाचनं होत. पडदे ओढलेले, माणसं एकेक करून आलेली. सेन्सॉरनं सुरुवातीला वेर्दागेरसारख्या जुन्या धार्मिक कवीला परवानगी दिली, पण फाब्रांच्या आधीच्या विस्कळीत शुद्धलेखनात. राज्यकर्त्यांना मर्म नेमकं कळलं होतं : ही भाषा आजोबांच्या काळातली लोककलेची वस्तू म्हणून चालेल, आजची लिहिती भाषा म्हणून नाही.

त्या काळातलं मला सर्वांत आवडणारं काम पाल्मा शहरात चाललं होतं. मायोर्काच्या अंतोनी मारिया अल्कोवेर या पाद्र्यानं १९०१ पासून गावोगाव फिरून शब्द जमवायला सुरुवात केली होती. मच्छीमार, गवंडी, मेंढपाळ, दाया, कुणालाही तो सोडत नसे. १९३२ मध्ये तो वारला. त्याचा सहकारी फ्रान्सेस्क दे बोर्जा मोल यानं काम पुढे नेलं. १९४३ मध्ये त्याला जोडीदार मिळाला तो वालेन्सियाचा मानुएल सान्चिस ग्वार्नेर, प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढल्याबद्दल चार वर्षं तुरुंगात काढून आलेला भाषाशास्त्रज्ञ. या दोघांनी वर्गणीदार गोळा करून, सुट्या भागांत, हा कोश छापत नेला. १९६२ मध्ये दहावा आणि शेवटचा खंड बाहेर पडला. सुमारे एक लाख साठ हजार शब्द, त्यांचे गावोगावचे उच्चार, म्हणी, अर्थ. भाषेवर बंदी असताना त्या भाषेचा सर्वांत मोठा कोश पुरा झाला!

चर्चची भूमिका गुंतागुंतीची होती. फ्रँकोच्या विजयाला धर्मगुरूंनी आशीर्वाद दिला होता आणि त्यामुळेच चर्चच्या आवारात हुकूमशाहीला हात घालणं जड जाई. या आडोशाचा उपयोग कॅटलान लोकांनी पुरेपूर केला. २७ एप्रिल १९४७ ला मोन्सेरातच्या डोंगरावर काळ्या मेरीमातेची नव्या सिंहासनावर प्रतिष्ठापना झाली. सत्तर हजारांवर माणसं चढून गेली. युद्धात जिंकलेले आणि हरलेले एका अंगणात उभे होते, युद्धानंतर एवढ्या मोठ्या जाहीर समारंभात प्रथमच कॅटलान ऐकू येत होती, आणि वरच्या एका कड्यावर कुणीतरी बंदी असलेला ध्वज बांधला होता. पुढे याच मठातून १९५९ मध्ये ‘सेर्रा दोर’ हे मासिक निघालं. मठाधिपती एस्कार्रे यांनी १९६३ मध्ये ‘ल माँद’ या फ्रेंच वृत्तपत्राला मुलाखत देऊन राजवटीवर उघड टीका केली. त्याची किंमत म्हणून त्यांना देश सोडावा लागला.

आणि मग गालिन्सोगा प्रकरण. ‘ला वान्ग्वार्दिया’ हे बार्सिलोनाचं जुनं, वजनदार वृत्तपत्र. फ्रँकोनं त्याच्या नावाला ‘एस्पान्योला’ जोडलं आणि लुईस दे गालिन्सोगा या आपल्या माणसाला संपादकपदी बसवलं. २१ जून १९५९ च्या रविवारी हे गृहस्थ सान्त इल्देफोन्स चर्चमध्ये गेले. प्रवचन कॅटलानमध्ये चाललेलं पाहून ते भडकले, आत जाऊन पाद्र्याशी भांडले आणि सगळ्या कॅटलान लोकांना घाण म्हणून निघून आले. एरवी असा प्रसंग चर्चच्या दारातच संपला असता. पण सायक्लोस्टाईल केलेली पत्रकं शहरभर फिरली. हजारो वर्गणीदारांनी वृत्तपत्र बंद केलं, लोक भर रस्त्यात त्याचे अंक फाडून फेकू लागले, जाहिराती आटल्या. १९६० च्या फेब्रुवारीत माद्रिदच्या मंत्रिमंडळानं गालिन्सोगांना पदावरून दूर केलं. सामान्य ग्राहकांनी हुकूमशहाला एक माणूस हटवायला लावला होता, आणि तोही एका रविवारच्या प्रवचनावरून. वीस वर्षं मान खाली घालून राहिलेल्या शहराला आपल्या हातात काय आहे ते त्या दिवशी कळलं.

तीनच महिन्यांनी पालाउ दे ला म्युझिकामध्ये ठिणगी पडली. कवी जुआन मारागाल यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम १९ मे १९६० ला होता आणि फ्रँकोचे मंत्री पाहुणे म्हणून बसले होते. मारागाल यांनी ओर्फेओ वृंदासाठी लिहिलेलं ध्वजगीत गव्हर्नरनं ऐनवेळी कार्यक्रमातून काढून टाकलं. प्रेक्षकांतल्या काही तरुणांनी उभं राहून ते म्हणायला सुरुवात केली. पोलिसांनी सभागृहातच मारहाण केली, धरपकड झाली. जोर्दी पुजोल हा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर त्या रात्री सभागृहात नव्हता, पण फ्रँकोविरोधी पत्रक आणि या निषेधामागची आखणी त्याची होती. त्याला अटक झाली, कोठडीत छळ झाला, लष्करी न्यायालयानं सात वर्षांची शिक्षा दिली. अडीच वर्षांनी तो सुटला. १९८० मध्ये तो कॅटालोनियाचा अध्यक्ष झाला आणि २००३ पर्यंत त्या पदावर राहिला. त्याच्या नावाला अखेरीस परदेशात दडवलेल्या पैशाचा डाग लागला, हेही नोंदवायला हवं.

साठच्या दशकात भाषा दिवाणखान्यातून तरुणांच्या ओठांवर आली, ती गाण्यांमुळे. १९६१ मध्ये ‘एल्स सेत्झे जुत्जेस’ नावाचा गट जमला. यांतले बरेचसे हौशी लोक : लेखक, शिक्षक, विद्यार्थी. गिटार घ्यायची आणि गावोगावच्या मंडळांत, चर्चच्या हॉलमध्ये, कॉलेजात नवी कॅटलान गाणी म्हणायची. वालेन्सियातल्या शातिवा गावचा रायमोनही गात होता. त्याच्या गाण्याच्या परवान्यावर पोलिसांचा कायम डोळा असे. १८ मे १९६८ ला तो माद्रिद विद्यापीठात गायला. समोरच्या हजारो विद्यार्थ्यांची भाषा कॅस्टिलियन होती आणि ते कॅटलान गाण्यांवर बेभान झाले होते. त्याच वर्षी जुआन मानुएल सेर्रात या बार्सिलोनाच्या गायकाला युरोव्हिजन स्पर्धेसाठी स्पेननं निवडलं. त्यानं कॅटलानमध्ये गाण्याचा आग्रह धरला. त्याला काढून मासिएलला पाठवलं आणि ती जिंकली. सेर्रातवर सरकारी दूरचित्रवाणीची दारं बंद झाली. युईस याकनं १९६८ मध्येच ‘लेस्ताका’ रचलं. सगळे एका खुंट्याला बांधलेले आहेत, साऱ्यांनी मिळून ओढला तर तो उपटेल, एवढाच त्याचा आशय. दहा वर्षांनी पोलंडमध्ये यात्सेक काचमार्स्कीनं त्या चालीवर स्वतःचे शब्द बसवले आणि ते ‘सॉलिडॅरिटी’च्या कामगारांचं गाणं झालं.

एव्हाना कॅटालोनिया आतून पार बदललं होतं. १९५० मध्ये तिथे साधारण ३२ लाख लोक होते, १९८१ मध्ये जवळजवळ ६० लाख. अंदालुसिया, मुर्सिया, एस्त्रेमादुरा या गरीब मुलखांतून माणसं कारखान्यांत आणि बांधकामांवर कामाला येत होती. त्यांची भाषा कॅस्टिलियन. पत्र्याच्या झोपड्या, मग बार्सिलोनाभोवतीच्या घाईनं बांधलेल्या चाळींसारख्या इमारती. कॅटलान लोकांच्या मनात या माणसांविषयी भीती होती आणि तुच्छताही होती. ती नाकारण्यात अर्थ नाही. १९६४ मध्ये फ्रान्सेस्क कान्देल या लेखकानं ‘एल्स आल्त्रेस कातालान्स’, म्हणजे ‘दुसरे कॅटलान’, हे पुस्तक लिहून या वस्त्यांची कैफियत मांडली. कान्देल स्वतः अशाच वस्तीत वाढलेला. सेन्सॉरनं कात्री लावली तरी पुस्तक हातोहात गेलं. नव्यानं आलेले हे लोक कॅटलान आहेत असं त्यानं ठणकावून सांगितलं आणि ते ऐकण्याचं शहाणपण दोन्ही बाजूंनी दाखवलं.

२० नोव्हेंबर १९७५ ला फ्रँको वारला. पुढचं वेगानं घडलं. २३ एप्रिल १९७६ ला, पुस्तक आणि गुलाब भेट देण्याच्या सान्त जोर्दीच्या सणाला, ‘आवुइ’ हे कॅटलान दैनिक सुरू झालं. ११ सप्टेंबर १९७७ ला बार्सिलोनाच्या रस्त्यांवर सुमारे दहा लाख माणसं उतरली. महिन्याभरानं जनरालितातचे हद्दपारीतले अध्यक्ष जुजेप तारादेयास परतले. १९७९ मध्ये स्वायत्ततेचा नवा कायदा झाला, १९८३ मध्ये कॅटलान दूरचित्रवाणी आली आणि ‘डॅलस’मधले टेक्सासचे तेलसम्राट कॅटलान बोलू लागले.

आता प्रश्न शाळांचा होता. कॅटलान मुलांसाठी कॅटलान शाळा आणि कॅस्टिलियन मुलांसाठी कॅस्टिलियन शाळा, ही सरळ दिसणारी वाट होती. अनेकांना ती मान्यही होती. डाव्या पक्षांनी आणि मार्ता माता यांच्यासारख्या शिक्षणतज्ज्ञांनी तिला कडाडून विरोध केला. वस्त्या आधीच वेगळ्या आहेत, शाळाही वेगळ्या केल्या तर मुलं आयुष्यात एकमेकांना भेटणार नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. निकाल लावला तो सान्ता कोलोमा दे ग्रामेनेत या गावानं. १९५० मध्ये पंधरा हजारांच्या आसपास असलेली तिथली वस्ती तीस वर्षांत १ लाख ४० हजारांवर गेली होती आणि त्यांतले बहुतेक अंदालुसियाकडचे मजूर. या घरांतल्या आईबापांनी आपल्या मुलांना पहिल्या दिवसापासून कॅटलानमध्ये शिकवा अशी मागणी केली. स्वतःला ती भाषा येत नव्हती. पण बँकेत, कचेरीत, चांगल्या नोकरीत ती लागते आणि आपली मुलं त्यावाचून कायम पलीकडच्या वस्तीतलीच राहतील, हे त्यांना पक्कं कळलं होतं. १९८३ मध्ये तिथल्या रोसेयो-पोर्सेल शाळेत हे शिक्षण सुरू झालं. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये कॅटलान संसदेनं भाषेचा कायदा केला तेव्हा विरोधात एकही मत पडलं नाही.

पालाउमधल्या तरुणांचं धैर्य मोठं होतंच. तरी मला सान्ता कोलोमातले पालक अधिक महत्त्वाचे वाटतात. दुसऱ्या मुलखातून पोटासाठी आलेल्या माणसांनी ही भाषा मुलांसाठी मागून घेतली नसती, तर कॅटलान ही जुन्या घराण्यांची भाषा म्हणून उरली असती. कॅटालोनियात राहतो आणि काम करतो तो कॅटलान, ही व्याख्या तिथे सर्वमान्य झाली ती या लोकांमुळे. तिच्यात रक्ताला आणि आडनावाला जागा नाही.

नंतरचा इतिहास वर्तमानपत्रांतून आपल्यापर्यंत आलेला आहे : २०१० चा घटना न्यायालयाचा निकाल, २०१७ चं सार्वमत, पोलिसांचा लाठीमार, नेत्यांचे तुरुंगवास. त्या राजकारणाच्या गदारोळात भाषेची खरी बातमी मागे पडली. जनरालितातच्याच पाहणीनुसार २००३ मध्ये कॅटालोनियातल्या ४६ टक्के लोकांची नेहमीच्या व्यवहाराची भाषा कॅटलान होती; २०२३ मध्ये हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर आलं. बंदी नाही, शाळा आहेत, वाहिन्या आहेत, जवळजवळ एक कोटी लोकांना ती समजते; पण लॅटिन अमेरिका, मोरोक्को, पाकिस्तान इथून आलेल्या नव्या रहिवाशांपर्यंत ती पुरेशी पोचत नाही, आणि मोबाइलच्या पडद्यावर कॅस्टिलियन आणि इंग्रजीचा पूर आहे. ही लढाई कॅटलान आज हरते आहे असं माझं मत आहे. कान्देलसारखं पुस्तक या नव्या ‘दुसऱ्या कॅटलानां’विषयी लिहिलं जाईल आणि वाचलं जाईल, तेव्हाच ती पालटेल.

ज्यांना या भूमिगत काळात माणसाच्या जवळून शिरायचं आहे, त्यांनी मेर्से रोदोरेदाची ‘ला प्लासा देल दियामान’ ही कादंबरी वाचावी. जिनिव्हात हद्दपारीत राहून तिनं ती लिहिली. एका स्पर्धेत ती नाकारली गेली आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झाली. बार्सिलोनाच्या ग्रासिया भागातली एक साधी बाई, तिचा संसार, तिची कबुतरं, युद्ध आणि भूक यांची ती गोष्ट आहे. इंग्रजी अनुवाद सहज मिळतात. कुणी मराठी अनुवादकानं मूळ कॅटलान शिकून ती थेट आपल्या भाषेत आणावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.